विश्लेषण : रानउंदरांची संख्या फुगते आणि कोसळते का? चार्ल्स एल्टन यांचा आयुष्यभराचा शोध

नॉर्वेच्या डोंगराळ भागात लेमिंग नावाचा मुठीत मावेल एवढा उंदीरवर्गीय प्राणी काही वर्षे शोधूनही सापडत नाही. मग एखाद्या वर्षी तो पावलोपावली दिसतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा गायब होतो. असे का होते, या प्रश्नामागे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी आयुष्य घालवले.

प्रश्न सापडला कुठे?

एल्टन यांचा जन्म २९ मार्च १९०० रोजी मँचेस्टर येथे झाला. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना १९२१ मध्ये ते ज्युलियन हक्सली यांच्याबरोबर आर्क्टिकमधील स्पिट्सबर्गेन बेटावर गेले. १९२३ च्या मोहिमेवरून परतताना ट्रॉम्सो शहरात त्यांना रॉबर्ट कोलेट यांचा नॉर्वेतील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ दिसला. भाषा नॉर्वेजियन, ती त्यांना येत नव्हती आणि खिशातही फारसे पैसे नव्हते. तरी तो त्यांनी विकत घेतला. त्यातली लेमिंगच्या सुगीची वर्षे क्रमाने मांडली तेव्हा साधारण दर तीन-चार वर्षांनी येणारी लय दिसली. १९२४ मध्ये त्यांनी हे निबंधरूपाने मांडले. निसर्गात सारे समतोलात असते, ही समजूतच त्यांना पटेनाशी झाली.

व्यापाऱ्यांच्या वह्यांत काय होते?

कॅनडातील हडसन्स बे कंपनी फरचा व्यापार करी. तिचे सल्लागार झाल्यावर एल्टन यांच्या हाती कातड्यांचे जुने हिशेब आले. संशोधनासाठी न लिहिलेल्या या वह्यांतून लिंक्स या रानमांजराची सुमारे दहा वर्षांची चढउतार उलगडली. त्याचे भक्ष्य असलेल्या सशांचीही तीच गत होती. १९२७ मध्ये अवघ्या काही महिन्यांत लिहिलेल्या ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ या पुस्तकाने अन्नसाखळीची कल्पना रूढ केली. १९३२ मध्ये ऑक्सफर्डला ‘ब्युरो ऑफ अ‍ॅनिमल पॉप्युलेशन’ हे छोटेसे केंद्र उभे राहिले.

रोगाचा अंदाज का टिकला नाही?

संख्या वाढणे समजण्याजोगे होते. व्होल या रानउंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले दीड महिन्यातच विण्याजोगी होतात. कोड्यात टाकणारे होते ते कोसळणे. एल्टन यांचा भर साथीच्या रोगांवर होता. शोध घेताना १९३७ मध्ये ए. क्यू. वेल्स यांना व्होलमध्ये क्षयाचा एक जंतू सापडलाही. पण एल्टन यांच्याच केंद्रातील डेनिस चिटी यांनी वेल्समधल्या व्होलचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि संख्येच्या घसरणीचे कारण क्षय नाही, या निष्कर्षाला ते आले. गर्दी वाढली की प्राण्यांचे वर्तनच बदलते, असे चिटी यांचे म्हणणे होते. गर्दीच्या वर्षी पिल्ले उशिरा वयात येतात आणि विणीचा हंगामही आखडतो, हे पुढे अनेक ठिकाणी दिसले. गुरूच्या अंदाजाला छेद देणारे हे काम गुरूच्याच छपराखाली झाले, हे मोलाचे वाटते.

युद्धात उंदीर का महत्त्वाचे ठरले?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला धान्याचा कण न् कण हवा होता. लेमिंग बाजूला ठेवून केंद्र उंदीर, घुशी आणि सशांच्या बंदोबस्ताला लागले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून आधी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवायचे आणि मगच विष, ही पद्धत तिथे पारखली गेली. झिंक फॉस्फाइड वापरताना आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही हाच सल्ला दिला जातो.

पुढे काय झाले?

‘व्होल्स, माइस अँड लेमिंग्ज’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९४२ मध्ये, ऐन युद्धात निघाला. १९५८ मध्ये परक्या जीवजातींच्या आक्रमणावरचे पुस्तक आले. १९६७ मध्ये एल्टन निवृत्त होताच विद्यापीठाने केंद्र बंद केले. एवढे नाव असलेली संस्था एका माणसाबरोबर संपावी, याची खंत तिथे घडलेल्या अनेकांना राहिली. १ मे १९९१ रोजी एल्टन यांचे निधन झाले. लेमिंगच्या घसरणीस शिकारी प्राणी, अन्नाचा तुटवडा की बर्फाची स्थिती अधिक जबाबदार, हा वाद अजून मिटलेला नाही.