डॉ. सालिम अली : पाखरांचा खरा हिशेब ठेवणारा माणूस



नाताळ झाला, नवे वर्ष लागले, तरी सातपुड्यावरून उतरणारा गारठा पहाटे अजून अंगात शिरतो. या दिवसांत आपल्या अंगणात नेहमीच्या चिमण्या, साळुंक्या आणि बुलबुल यांच्या जोडीला काही पाहुणेही दिसतात. शेपटी सतत वरखाली हलवणारा धोबी नळाजवळच्या ओलीत किडे टिपतो. ज्वारीच्या शेतावर भोरड्यांचे थवे उतरतात आणि राखणीला बसलेल्यांची धांदल उडते. पुष्कळ घरांतून सकाळी मूठभर दाणे अंगणात टाकले जातात, आणि ती चांगलीच सवय आहे. पण आज कोणती पाखरे आली, किती आली, हे मात्र फारसे कोणी मोजत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर हेच मोजले आणि देशाला मोजायला शिकवले, त्या डॉ. सालिम अली यांच्या जीवनाची आज थोडक्यात ओळख करून घेऊ.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीच्या आपल्या घरात वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला खेळण्यातली छर्‍याची बंदूक दिली आणि भाचा चिमण्या मारू लागला.

त्या वयातही या मुलाला एक वेगळी सवय होती. जे पाहिले ते तो लिहून ठेवी. घरट्यात चिमणी अंडी उबवत होती आणि बाहेर खिळ्यावर चिमणा बसला होता. मुलाने चिमणा मारला, तर थोड्याच वेळात त्याच्या जागी दुसरा आला. सात दिवसांत त्याने असे आठ चिमणे मारले आणि तेवढा हिशेब वहीत टिपून ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी तीच नोंद पक्षिनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापली गेली. खेळ क्रूर होता, पण नोंद खरी होती.

एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, आणि ती खाणे धर्माला धरून आहे का, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झालेली. तिचे चिटणीस मिलार्ड साहेब यांनी मुलाला हसून परत पाठवले नाही. त्यांनी चिमणी ओळखून दिली आणि कप्प्याकप्प्यांतून मांडून ठेवलेले भारतातील पक्ष्यांचे नमुने त्याला दाखवले. वाचायला पुस्तकेही दिली. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या प्रश्नाला दिलेला तेवढा वेळ देशाच्या पदरी केवढे धन टाकून गेला, हे आईवडिलांनी आणि शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजचे शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. १९१७ साली परतल्यावर व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. तेव्हा सेंट झेवियर्समध्ये येशूसंघाचे स्विस धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लाटर होते. ते नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. या तरुणाचे मन कशात आहे, हे त्यांनी ओळखले आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. एका मुस्लिम तरुणाला त्याची वाट दाखवण्यात आपल्या एका धर्मगुरूचा असा हात होता, याचे आम्हांला समाधान वाटते.

विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्रोफेसर श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत आले तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली. नोकरी गेली, मुंबईचा खर्च झेपेना. पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले.

दुसरा एखादा खचला असता. सालिम अली घराजवळच्या झाडावरची सुगरणींची वसाहत रोज तासन् तास पाहत बसले. खानदेशच्या बहिणाबाईंमुळे सुगरणीचा खोपा मराठी माणसाच्या घराघरात पोहोचला आहे. पण सालिम अलींना दिसले ते असे : खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला खोपा पसंत पडला की ती तिथे संसार मांडते, नर तो खोपा पुरा करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो. बेकारीच्या दिवसांत केलेल्या या नोंदींनी त्यांचे नाव जगातल्या अभ्यासकांपर्यंत नेले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. तहमीना तंबूत, बैलगाडीत त्यांच्या सोबत असत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि सामान्य माणसाला पक्षी नावाने ओळखता येऊ लागले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला.

हिवाळ्यात येणारे पक्षी कुठून येतात, हा प्रश्न फार जुना आहे. तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल एवढा बुद्धिमान, पण काही भिंगर्‍या थंडीत बिळात दडून बसतात असे त्याने लिहून ठेवले. तर्काला निरीक्षणाची जोड नसली की असे होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात माकडे आणि माणसे एका नव्या तापाने मरू लागली. तो विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता होता, म्हणून स्थलांतरित पक्ष्यांवर संशय आला. सालिम अलींनी संशयावर विश्वास ठेवला नाही आणि तो झटकूनही टाकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून त्यांनी हजारो पक्षी पकडून, पायात हलके कडे घालून सोडण्याचे काम उभे केले. भरतपूरला कडे घातलेली बदके पुढे थेट सायबेरियात सापडली. पाहुण्यांचा पत्ता असा मिळाला.

आपल्या जिल्ह्याला हे दूरचे वाटू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरलाच आढळला आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, कुटुंबांची रोजी बुडाली. अशा वेळी अंगणातल्या प्रत्येक पाखराकडे भीतीने पाहिले जाते. भीती घालवायला घोषणा कामाच्या नाहीत. कोणता पक्षी कुठून येतो, किती येतो, केव्हा जातो, याची वर्षानुवर्षांची खरी नोंदच कामाची.

खोट्या नोंदीची गोष्टही आपल्याच मुलखाची आहे. रानपिंगळा हे सातपुड्यातले लहान घुबड. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकार्‍याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले, त्यांतला शेवटचा १८८४ चा. नंतर ब्रिटिश कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यांच्या संग्रहात एक नमुना निघाला. त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतील मांडवी आणि १९१४ साल लिहिलेले होते. हेच माइनर्टझागेन १९३७ साली सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत फिरले होते. सालिम अली आणि रिप्ली यांनी रानपिंगळा शोधला, पण तो मिळाला नाही. १९८७ मध्ये सालिम अली वारले, तोपर्यंत पुष्कळांनी तो नष्ट झाला असेच धरले होते.

अखेर अमेरिकन अभ्यासिका पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने नीट तपासले. मांडवीच्या नमुन्याचे कातडे भरण्याची पद्धत डेव्हिडसन यांची निघाली. तो नमुना संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदलून ठेवलेला होता. ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खर्‍या जागांकडे वळले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, दिवसाउजेडी, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. एकशे तेरा वर्षे पक्षी आपल्या रानातच होता. एका खोट्या ओळीने शोधणार्‍यांना भलत्या वाटेला लावले होते. चुकीच्या ठिकाणी शोध होत राहिला तर खर्‍या ठिकाणचे रान राखायला कोण येणार? म्हणून खरी नोंद हीसुद्धा एक सेवा आहे असे आम्ही मानतो.

सालिम अली भाबडे नव्हते. अभ्यासासाठी त्यांनी पुष्कळ पक्षी मारले आणि ते कधी लपवले नाही. पण भरतपूरचे पाणथळ आणि केरळचे सायलेंट व्हॅली रान वाचवण्यासाठी त्यांनी आपले सगळे वजन खर्ची घातले. पद्मविभूषण मिळाले त्याच १९७६ साली मिळालेल्या गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाला दिली. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी एका चिमणीच्या पडण्याचे नाव दिले. चिमणीविषयी प्रभू काय म्हणाला, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आपण वाचतोच.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्या मुलांनी अंगणापासून सुरुवात करावी. सकाळी पंधरा मिनिटे एका जागी बसावे आणि दिसलेला पक्षी, संख्या, तारीख वहीत लिहावी. नाव कळले नाही तर रंग आणि आकार लिहावा, अंदाजाने नाव ठोकू नये. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तितकेच मोजावेत, नाहीतर एकच चिमणी पाच वेळा मोजली जाते. दाणे टाकायचे तर ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी मूठभर टाकावी. फरसाण किंवा खारट, शिळे अन्न नको. परळातले पाणी रोज बदलावे, परळ घासावे आणि मांजराची झेप पोहोचणार नाही असे ठेवावे. मेलेले पक्षी आढळले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. पिंगळ्याला अशुभ समजून दगड मारू नये.

ज्यांच्या घरी मुलांच्या हातात गलोल आहे, त्यांनी ती हिसकावून घेण्याआधी शेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवावी. मुलगा प्रश्न घेऊन आला, तर त्याला वेळ द्यावा.