गोखल्यांची उमेदवारी

अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या तरुणापुढे आज ठरावीक वाटा असतात : शाळा, बँक, नाही तर पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी. सरकारच्या धोरणांचा अभ्यास करणे, अंदाजपत्रके तपासणे, योजनांचे परिणाम मोजणे हाही उपजीविकेचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्याच्या कानावर क्वचितच पडते. पडले तरी असे काम करणाऱ्या संस्था बहुधा दिल्ली, मुंबई वा पुण्यात असतात आणि त्या अनुभव मागतात. पहिलेच काम मिळाल्याविना अनुभव कोठून यावा, याचे उत्तर कोणी देत नाही. या प्रश्नाकडे पाहताना गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रातील एक दुर्लक्षित भाग ध्यानी घेण्यासारखा आहे. गोखल्यांची वक्तृत्वशैली व त्यांचा नेमस्तपणा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु अठराव्या वर्षी पदवी घेतलेला एक निर्धन मुलगा देशाच्या वित्तव्यवहाराचा जाणकार कसा झाला, हे फारसे सांगितले जात नाही.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागल संस्थानात नोकरीस असल्यामुळे बालपण कागलास व शिक्षण कोल्हापुरास झाले. १८७९ मध्ये वडील वारले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडले आणि कागलास दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यांतील आठ रुपये ते गोपाळास कोल्हापुरास पाठवीत. १८८१ साली मॅट्रिक होऊन गोपाळराव राजाराम कॉलेजात दाखल झाले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून १८८४ मध्ये बी.ए. झाले. त्या कॉलेजात त्यांना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळत असे. भावाचे आठ रुपये आणि कॉलेजचे वीस रुपये नसते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

पदवी हाती आली तरी दिशा ठरलेली नव्हती. कायद्याचा अभ्यास त्यांनी सुरू केला, पण १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून अल्प वेतनावर वीस वर्षांच्या सेवेस बांधले गेले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे नाना विषय शिकविले. ही नोकरी श्रीमंती देणारी नव्हती, पण पोटाची चिंता मिटवणारी होती.

याच काळात न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन त्यांच्याकडे आले. हे त्रैमासिक म्हणजे आजच्या भाषेत धोरणसंशोधनाचे नियतकालिकच होते. शेतसारा, दुष्काळ, जंगलकायदे, शिक्षणखर्च यांवर सरकारी अहवालांच्या आधारे त्यात लेख येत. रानडे तरुण गोखल्यांकडून जाडजूड अहवाल वाचवून घेत, सरकारकडे पाठवावयाचे अर्ज लिहवून घेत आणि पसंत न पडल्यास पुन्हा लिहावयास लावीत. एवढ्या श्रमांनंतर सरकारकडून दोन ओळींची पोच येते, मग हा खटाटोप कशाला, अशी शंका गोखल्यांनी एकदा बोलून दाखविली. रानड्यांनी त्यांना समजाविले ते असे की, अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात. खरे पाहता ते लोकांसाठी असतात आणि त्यांतून समाज सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावयास शिकतो.

दुसरे गुरू होते गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करणारे हे गृहस्थ आकडेशास्त्रात निष्णात होते. नोकरीमुळे स्वतःच्या नावाने लिहिणे त्यांना अवघड असे. म्हणून आपले ज्ञान त्यांनी गोखल्यांच्या स्वाधीन केले. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच गाठली होती. तज्ज्ञांच्या उलटतपासणीत ते डगमगले नाहीत, यामागे दहा वर्षांची उमेदवारी आणि जोशांनी करून घेतलेली तयारी होती.

याच प्रवासात त्यांना एक कटू धडाही मिळाला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांनी पाठविलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी इंग्लंडमध्ये जाहीर विधाने केली. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. गोष्ट खरी असणे निराळे आणि ती सिद्ध करता येणे निराळे, हा अभ्यासकाच्या व्यवसायातील पहिला नियम त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकला.

या तयारीचे फळ २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणात दिसले. दुष्काळ चालू असतानाही सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती व सरकार ती भरभराटीची खूण मानीत होते. गोखल्यांनी दाखविले की, विलायतेस पौंडांत रक्कम पाठवावी लागत असल्यामुळे रुपया घसरला तेव्हा कर वाढविले गेले. रुपया पुन्हा वधारला तरी कर मात्र तसेच राहिले. शिल्लक होती ती रयतेच्या खिशातून अधिक घेतल्यामुळे. मिठावरील कर मणी अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. यात गोखल्यांच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पण पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, ज्या कोल्हापुरात ते शिकले त्याच संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

स्वतःस जे मिळाले ते इतरांना मिळावे, अशी व्यवस्थाही गोखल्यांनी केली, आणि हेच त्यांच्या चरित्राचे मर्म होय. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. नव्या सभासदास पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. या काळात ग्रंथालयात सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास, देशभर प्रवास आणि निर्वाहापुरते वेतन, असा क्रम होता. या शिस्तीतून श्रीनिवास शास्त्री, हृदयनाथ कुंझरू आणि कामगार चळवळीचे ना. म. जोशी पुढे आले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. १९३० मध्ये रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून त्यांच्या नावाने पुण्यात अर्थशास्त्राची संशोधनसंस्था निघाली आणि धनंजयराव गाडगिळांनी तेथे तरुणांना गावोगाव, घरोघर जाऊन माहिती गोळा करावयास शिकविले. याच संस्थेने कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी करून ती तीन खंडांत प्रसिद्ध केली.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. अभ्यासक घडण्यास चार गोष्टी लागतात : निर्वाहाची सोय, ठरवून दिलेले काम, ते कठोरपणे तपासणारा वडीलधारा आणि ते छापणारे पत्र. यांतील पहिली नसेल तर हा व्यवसाय सुखवस्तू घरांतील मुलांपुरता उरतो. विनावेतन उमेदवारी मागणाऱ्या संस्थांनी गोविंदरावांचे आठ रुपये आठवावेत; प्रत्येक घरात असा भाऊ नसतो.

उरलेल्या तीन गोष्टींसाठी मात्र दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर झालेली मदतीची वाटणी हे विषय कोल्हापूरच्या दारात आहेत. शिवाजी विद्यापीठ व स्थानिक महाविद्यालये यांनी दरवर्षी मोजके पदवीधर निवडून त्यांना माफक विद्यावेतन द्यावे, एकेक विषय सोपवावा, जाणत्या प्राध्यापकांनी मसुदा तीनदा परत करावा आणि स्थानिक वृत्तपत्रांनी निष्कर्ष छापावेत. वर्षाअखेरीस असा तरुण संस्थेच्या दारी जाईल तेव्हा त्याच्या हाती पदवीपत्राबरोबर स्वतः केलेले काम असेल. गोखल्यांच्या जयंतीस हारतुरे वाहण्यापेक्षा एवढे झाले तरी पुरे.