बाबासाहेबांचे बहुमताचे गणित

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात बंदिवान करण्यात आले. १९४५ च्या वसंतात त्यांना तेथून हलविले, तरी सुटका झाली नव्हती. याच राजकीय कोंडीत ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकड्यांत बांधलेला एक तोडगा मांडला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेले अर्थशास्त्रज्ञ होते. १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. मात्र अंतिम निवड सर्व जातींच्या मतदारांच्या हाती गेली. जन्माने ठरलेले बहुमत मतपरिवर्तनाने बदलत नाही, हा पेच त्यांना सतत छळत राहिला.

१९४५ च्या योजनेत केंद्रीय विधिमंडळाच्या जागा अशा होत्या: हिंदू ४० टक्के, मुसलमान ३२, अनुसूचित जाती २०, शीख ४, भारतीय ख्रिश्चन ३ आणि अँग्लो-इंडियन १. लोकसंख्येत निम्म्याहून अधिक असलेल्या हिंदूंना सर्वांत मोठा वाटा मिळत होता, पण निर्विवाद बहुमत नव्हे. तिन्ही लहान अल्पसंख्याकांना जवळ केले, तरी बेरीज ४८ वरच थांबे. सर्व अल्पसंख्याक एकत्र आले, तर ६० होत. म्हणजे कोणालाही दुसऱ्याला विश्वासात घेतल्यावाचून राज्य करता येऊ नये, अशी ती रचना होती.

योजना स्वीकारली गेली नाही. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. स्वतंत्र भारतात संयुक्त मतदारसंघ कायम राहिले. १९५२ मध्ये समाजवाद्यांशी युती करूनही बाबासाहेब उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पराभूत झाले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत तर सर्वसाधारण जागेवर मित्रपक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब पडले. घटनेच्या शिल्पकाराला त्याच गणिताने हरविले होते.

तरी त्यांनी मांडणी सोडली नाही. १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा सुचविली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नगर जिल्ह्यातील शिर्डी लोकसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे आणि तेथेही कौल सर्वच जातींचे मतदार देतात. बाबासाहेबांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.