झालं की नाही, एवढं तरी सांगा!

मागे आमच्या उचगावातल्या बचत गटाचा हप्ता वळता करायला आम्ही तिघी बँकेत गेलो होतो. पडद्यावर व्यवहार अयशस्वी एवढंच उमटलं. पैसे कापले गेले की खात्यातच राहिले, पुन्हा करायचं की थांबायचं, काउंटरवरच्या मुलालाही सांगता येईना. आमच्यातल्या एकीची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती, ती बिचारी पायरीवरच बसून राहिली. मुलाला तरी काय बोलणार? त्याला मशीनच काही सांगत नव्हतं.

माझा भाचा पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो. त्याने मला मिसळणाच्या डब्यावरून समजावलं. काम सांगितलं की प्रोग्रॅमने उत्तराचा असा डबाच परत द्यायचा. एका वाटीत काम झालं की नाही, दुसरीत न होण्याच्या कारणाचा ठरलेला क्रमांक, तिसरीत माणसाला कळेल असा निरोप, चौथीत शिल्लक वगैरे माहिती. हळदीच्या वाटीत मोहरी चालत नाही, तसं रकमेच्या जागी कुणी अक्षरं घालायला गेलं तर प्रोग्रॅम तयार होतानाच अडतो. अडवतो तो कंपायलर. आणि कंपायलर म्हटलं की ग्रेस हॉपर हे नाव येतंच, असं तो म्हणाला. मग मी या बाईंबद्दल वाचायलाच घेतलं.

ग्रेसबाई १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या. सात वर्षांच्या असताना आत काय आहे ते बघायला त्यांनी घरातली सात गजराची घड्याळं खोलली. आईने मार दिला नाही, फक्त यापुढे एकच घड्याळ खोलायचं असं बजावलं! कॉलेजात शिकवता शिकवताच १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणिताची डॉक्टरेट. महायुद्धात वय जास्त आणि वजन कमी असूनही हट्टाने नौदलात शिरल्या आणि हार्वर्डच्या अवाढव्य मार्क वन संगणकावर रुजू झाल्या.

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत आवडलेला प्रसंग ९ सप्टेंबर १९४७ चा. तिथलाच मार्क टू संगणक अडला. शोधलं तर आत पतंग अडकलेला. वहीत नोंद झाली ती अशी: वेळ पावणेचार, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०, कारण पतंग. शिवाय तो पतंगही चिकटपट्टीने तिथेच डकवला. हा किडा ग्रेसबाईंनी शोधला असं सांगतात, ते खरं नाही. शोधला सहकाऱ्यांनी, गोष्ट मात्र जगभर सांगितली ती बाईंनी. पण काय नोंद आहे पहा! कधी, कुठे, कशाने, वर पुरावा.

१९५२ मध्ये त्यांनी पहिला कंपायलर केला. पुढे इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी फ्लो-मॅटिक ही भाषा केली. हिशेब ठेवणाऱ्यांना गणिताची चिन्हं नकोत, शब्द हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं. वरिष्ठांना ते पटायला बरीच वर्षं गेली. याच भाषेच्या पायावर १९५९-६० मध्ये समितीने कोबोल घडवली, जी बँका आणि विमा कंपन्यांनी उचलली. पुढे कोबोलमध्ये फाइलवरच्या प्रत्येक कामानंतर दोन अंकी उत्तराची सोय आली. ००, काम झालं. १०, फाइल संपली. २३, नोंद सापडली नाही. ३५, फाइलच नाही. ही सोय बाईंनी स्वतः केली असं नाही, पण झाडाचं खोड त्यांचंच.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि वर्षभरात परत बोलावलं! शेवटी १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या घरी गेल्या. १ जानेवारी १९९२ ला वारल्या. पतंगाचं ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

आमचे पैसे खात्यातच होते. ते कळायला चार दिवस लागले.