उंडेऱ्याची लस

बडोद्याहून उंडेऱ्याच्या बाजूला गेलो की मला वाल्डेमार हाफकिन आठवतात. मुंबईतील संस्थेमुळे त्यांचे नाव आपल्या घरांत ठाऊक आहे. पण या गावाशी त्यांचे नाते बडोदेकरांनाही फारसे माहीत नसते.

ओडेसा येथे १८६० साली एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. तरी लोक बिचकत. का न बिचकावे? मारलेले असले तरी प्लेगचेच जंतू ते!

फेब्रुवारी १८९८ मध्ये उंडेऱ्यास त्यांनी घरोघर सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. छप्पर एक, चूल एक; फरक तेवढा लसीचा. पुढे प्लेग शिरलेल्या घरांत न टोचलेले २६ दगावले, टोचलेले ३. लसीची बाजू सिद्ध झाली खरी. पण त्या २६ जणांपाशी मी दर वेळी अडखळतो.

१९०२ साली पंजाबात मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, कामावरून दूर व्हावे लागले. दोष प्रयोगशाळेचा नव्हे, हे मान्य होऊन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. ते कलकत्त्यास परतले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र पुन्हा हाती आली नाही. तिला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. त्यानंतर पाच वर्षांनी ते लोझान येथे वारले.