शेख अब्दुल्ला क्विलियम

मुलांनो, इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लिव्हरपूल नावाचे मोठे बंदर आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी तेथे साऱ्या जगातून जहाजे येत. इंग्रजांच्या जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी खलाशी काम करीत. इंग्रज त्यांना ‘लास्कर’ म्हणत. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. तो ‘लश्कर’वरून आला. आपल्या रत्नागिरीकडच्या कितीतरी मुसलमान घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या अशी जहाजांवर गेली. तुमच्यापैकी कुणाचे पणजोबाही त्यांत असतील. असा एखादा खलाशी परमुलखात आजारी पडला, तर त्याची विचारपूस कोण करणार? तो मरण पावला, तर त्याच्या जनाज्याची नमाज कोण पढवणार? लिव्हरपूलमध्ये हे काम तेथल्याच एका गोऱ्या वकिलाने केले.

त्यांचे मूळ नाव विल्यम हेन्री क्विलियम. 1856 साली लिव्हरपूलमध्येच एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची मंडळी दारूविरोधी चळवळीत होती. विल्यमही लहानपणापासून त्या चळवळीत वाढले. पुढे ते वकील झाले. गोरगरिबांची बाजू मांडणारा वकील म्हणून शहरात त्यांचे नाव झाले. प्रकृती बिघडली म्हणून ते हवापालटासाठी मोरोक्कोत गेले. तेथील मुसलमानांचे साधे, दारूपासून दूर असलेले जीवन त्यांनी जवळून पाहिले. परत आल्यावर त्यांनी इस्लामचा अभ्यास केला आणि 1887 साली तो धर्म स्वीकारला. आता ते अब्दुल्ला क्विलियम झाले.

सुरुवातीला त्यांनी भाड्याच्या जागेत व्याख्याने दिली. ऐकायला येणारे थोडेच होते. त्यांतल्या एलिझाबेथ केट्स या तरुणीने इस्लाम स्वीकारून फातिमा हे नाव घेतले. सभेला जाता-येता या बाईंना लोकांचा फार त्रास सोसावा लागला. त्यांच्या तोंडाला रस्त्यावरची लीद फासण्यापर्यंत काहींची मजल गेली. तरी त्या येत राहिल्या. पुढे घरमालकाला भाडेकरूंचा धर्म समजला आणि त्याने जागा खाली करायला लावली.

मग ब्रूम टेरेस या रस्त्यावर क्विलियमसाहेबांनी एक घर घेतले. 1889 साली नाताळच्या दिवशी तेथे मशीद उघडली. इंग्लंडमधील सर्वांत जुन्या मशिदींपैकी ती एक होय. घराच्या वरच्या मजल्यावरून अजान होऊ लागली. ती ऐकून खाली गर्दी जमे. लोक हुर्यो करीत, चिखल आणि दगड फेकीत.

तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? दारे लावून आत बसला असता ना? क्विलियमसाहेबांनी दारे उघडी ठेवली. दर नाताळला ते शहरातील शेकडो गरिबांना मशिदीच्या वतीने जेवू घालत. जेवायला येणारे बहुतेक ख्रिस्तीच असत. त्यांना कोणी धर्म विचारीत नसे. शाळा, वाचनालय आणि एक लहानसे संग्रहालयही त्यांनी तेथे सुरू केले. ज्या मुलांना त्यांचे आईबाप सांभाळू शकत नव्हते, अशा मुलांसाठी ‘मदीना होम’ काढले. दर रविवारी सभा होई. शेजाऱ्यांना परके वाटू नये म्हणून तीत चर्चप्रमाणे गाणी म्हटली जात. आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही. पण ज्या लोकांत राहायचे, त्यांच्याशी त्यांना कळेल अशा रीतीने बोलले पाहिजे, असे क्विलियमसाहेबांना वाटे. आणि त्याचे फळही दिसले. बंदरावरच्या गाडीवानांनी त्यांना आपल्या संघटनेचे अध्यक्ष केले!

‘द क्रेसेंट’ हे त्यांचे साप्ताहिक 1893 पासून निघू लागले. ते दूरदूरच्या देशांत वाचले जाई. 1894 साली तुर्कस्तानच्या सुलतानांनी त्यांना ब्रिटनचे शेख-उल-इस्लाम नेमले. दुसऱ्या वर्षी अफगाणिस्तानचे शहाजादे लिव्हरपूलला आले आणि त्यांनी या कामासाठी अडीच हजार पौंड दिले.

मुलांनो, मोठ्या माणसांच्या हातूनही चुका होतात. घटस्फोटाच्या एका खटल्यात क्विलियमसाहेबांनी वकिलाला न शोभणारे वर्तन केले. 1908 साली ते इंग्लंड सोडून तुर्कस्तानला गेले आणि दुसऱ्या वर्षी त्यांची सनद रद्द झाली. ते गेले आणि मागचे सारे काम विस्कटले. इमारत विकली गेली. पुढे तेथे जन्ममृत्यूच्या नोंदी करणारे सरकारी कार्यालय आले. सारे काम एकाच माणसाच्या खांद्यावर असले की असे होते. काही वर्षांनी ते हारून मुस्तफा लिऑन या नावाने इंग्लंडला परतले. 1932 साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ब्रुकवुडच्या कबरस्तानात त्यांना दफन केले आहे. कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे मार्माड्यूक पिकथॉल यांचीही कबर तेथेच आहे. हे पिकथॉल काही वर्षे आपल्या मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते.

ब्रूम टेरेसवरील ते जुने घर लिव्हरपूलच्या मुसलमानांनी दुरुस्त केले. 2014 साली तेथे पुन्हा नमाज सुरू झाली.

2024 च्या जुलैमध्ये लिव्हरपूलजवळच्या साउथपोर्ट गावात तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी बाहेरून आलेला मुसलमान आहे, अशी खोटी अफवा पसरली. गावोगावी दंगली उसळल्या. 2 ऑगस्टच्या संध्याकाळी याही मशिदीसमोर संतप्त लोक जमले. मशिदीच्या बाजूनेही पुष्कळ लोक उभे राहिले. त्यांत शेजारपाजारचे बिगरमुसलमानही होते. मध्ये पोलीस होते. थोड्या वेळाने मशिदीचे इमामसाहेब आणि काही जण खाण्याचे पदार्थ व थंड पेये घेऊन रस्ता ओलांडून पलीकडे गेले. काहींनी तोंड फिरवले. काहींनी हात पुढे करून खाणे घेतले आणि ते तेथेच इमामसाहेबांशी बोलत उभे राहिले.