एक्सप्लेनर : डीडीटी शोधणारे पॉल म्युलर कोण होते? कीटकनाशक किडीला नेमकं कसं मारतं?

झुरळाचा खडू, डासांची कॉइल आणि कपाशीवर फवारली जाणारी बरीचशी औषधं यांच्यात एक साम्य आहे. ही सगळी किडीच्या मज्जातंतूंवर हल्ला करतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या अशा रसायनांचं युग सुरू झालं ते एका स्विस केमिस्टमुळे. त्यांचं नाव पॉल हर्मन म्युलर. त्यांच्या डीडीटीने असंख्य जीव वाचवले, त्यांना नोबेल मिळवून दिलं आणि पुढे हेच रसायन अनेक देशांच्या शेतीतून हद्दपार झालं. असं का झालं? समजून घेऊया.

शाळा सोडली, पुन्हा धरली

म्युलर यांचा जन्म १२ जानेवारी १८९९ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ओल्टेन इथे झाला. वडील रेल्वेत नोकरीला. पॉल यांनी १९१६ मध्ये शाळा सोडली आणि ते एका रासायनिक कंपनीत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. दोन वर्षांनी मात्र ते पुन्हा शाळेत गेले. पुढे बाझेल विद्यापीठातून १९२५ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी बाझेलमधल्याच गायगी कंपनीत रुजू झाले. सुरुवातीची वर्षं रंग आणि कातडी कमावण्याची रसायनं यांवर काम करण्यात गेली. कीटकनाशकांकडे ते १९३५ मध्ये वळले.

तेव्हा कोणती कीटकनाशकं होती?

मुख्यतः दोन प्रकारची. पहिला प्रकार आर्सेनिकसारख्या विषांचा. किडीने पान खाल्लं तरच विष पोटात जायचं, त्यामुळे रस शोषणाऱ्या किडीवर त्याचा उपयोग नव्हता. शिवाय माणसालाही ते तितकंच घातक. दुसरा प्रकार वनस्पतींपासून काढलेल्या द्रव्यांचा : तंबाखूतलं निकोटिन, शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून मिळणारं पायरेथ्रम. पायरेथ्रम झटपट काम करायचं, पण उन्हात लवकर निष्प्रभ व्हायचं.

म्युलर यांनी आदर्श कीटकनाशकाच्या अटी ठरवल्या. अनेक प्रकारच्या किडींवर चालावं. लवकर परिणाम व्हावा. माणसाला, जनावराला, पिकाला अपाय नसावा. उग्र वास नसावा. स्वस्त असावं. आणि त्याचा असर खूप काळ टिकावा. ही शेवटची अट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

पिंजऱ्यातल्या माशा

शेकडो रसायनं तपासून झाली, तरी मनासारखं काही मिळेना. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी डायक्लोरो-डायफिनाइल-ट्रायक्लोरोइथेन, म्हणजेच डीडीटी, काचेच्या पिंजऱ्यात फवारलं. माशा मेल्या. पिंजरा धुऊन नव्या माशा सोडल्या, त्याही मेल्या. भिंतीला चिकटून राहिलेला अंश पुरेसा ठरला होता.

हे रसायन नवं नव्हतं. ओथमार झाइडलर या संशोधकाने ते १८७४ मध्येच तयार केलं होतं. पण ते किडीला मारतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्युलर यांचा शोध होता तो या गुणाचा.

डीडीटी किडीला कसं मारतं?

मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या लहानशा झटक्यासारखा. त्यासाठी तंतूच्या आवरणातली सोडियमची सूक्ष्म दारं क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. डीडीटी ही दारं मिटू देत नाही. दाबलेलं बटण अडकून बसावं आणि बेल वाजतच राहावी, तसे संदेश सुटत राहतात. कीड थरथरते, लुळी पडते, मरते. डीडीटी किडीच्या बाह्यावरणातून सहज आत शिरतं, म्हणून नुसता स्पर्श पुरतो. माणसाच्या त्वचेतून कोरडी पावडर मात्र फारशी आत जात नाही.

नेपल्स ते भारत

दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या नेपल्स शहरात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसची साथ आली. १९४३-४४ च्या हिवाळ्यात दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगावर डीडीटीची पावडर मारली गेली आणि साथ आटोक्यात आली. १९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

भारताला याचा मोठा फायदा झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि सुमारे ८ लाख दगावायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघराच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली.

मग बिनसलं कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं, प्रतिकारशक्ती. फवारणीतून वाचलेल्या मोजक्या किडींची पिल्लं त्या विषाला दाद देईनाशी झाली. माशांमध्ये हे १९४० च्या दशकातच दिसलं. भारतातही १९७६ पर्यंत मलेरियाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. डासांची प्रतिकारशक्ती हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं.

दुसरं, टिकाऊपणा. म्हणजे म्युलर यांचीच अट. डीडीटी मातीत वर्षानुवर्षं राहतं आणि चरबीत साठतं. लहान जिवांकडून माशांत, माशांकडून पक्ष्यांत जाताना त्याचं प्रमाण वाढत जातं. गरुड, ससाणा यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटू लागली. रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने १९६२ मध्ये हा धोका जगासमोर मांडला.

म्युलर १९६१ मध्ये निवृत्त झाले होते, पण घरच्या प्रयोगशाळेत त्यांचं काम चालू होतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांचं निधन झालं. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या वापरावर बंदी घातली, ती त्यांनी पाहिली नाही. भारतात १९८९ मध्ये शेतीतला वापर थांबला. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी मात्र सूट राहिली.

आजची कीटकनाशकं कशी काम करतात?

• ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट : मज्जातंतूंमधला संदेश थांबवणारं एन्झाइम बंद पाडतात. तेच एन्झाइम माणसातही आहे, म्हणून धोका मोठा.
• पायरेथ्रॉइड : पायरेथ्रमची कृत्रिम भावंडं. डीडीटीसारखीच सोडियमची दारं अडवतात. कॉइल आणि खडूत हीच असतात.
• निओनिकोटिनॉइड : निकोटिनसारखी क्रिया. झाडाच्या रसात मिसळतात, त्यामुळे मावा, तुडतुडे मरतात. मधमाश्यांनाही घातक.
• बीटी : जिवाणूतलं प्रथिन. अळीच्या आतड्याला भोकं पाडतं.

तुमच्यासाठी काय महत्त्वाचं?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध घेताना डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अति विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तुलनेने कमी विषारी. हातमोजे आणि मास्क प्रत्येक रंगाला लागतात. आणि एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारू नका, गट बदला. नाहीतर जे डीडीटीचं झालं तेच तुमच्या शेतातल्या औषधाचं होईल.